वाम सापडली

मत्स्य सोसायटीच्या ऑफिसात चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
प्रत्येकाच्या कपाळावर सेलोटेपनं डकवलेली चिठ्ठी:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चौदा.
पुढच्यावर पंधरा. प्रिंटरच्या चिठ्ठीवर
तीन आकडे खोडलेले, चौथा गिरवून ठळक केलेला,
तोही कालपासून खोटा.

साकोलीकडून लाइन गेली की राउटर झोपतो.
आली की उठतो, आणि कोणाला कोणता आकडा दिला होता
ते त्याच्या ध्यानात नसतं.
हाताला येईल तो वाटत सुटतो.
मग बीज-खरेदीची पावती इकडून निघते, तिकडे पोचत नाही,
आणि सचिव देवाजी नान्हे मला फोन करतात:
"बाई, प्रिंटर हारपला."

हारपला नव्हता. खिडकीखालीच होता,
वर कोणीतरी शिंगाड्यांची थैली ठेवलेली.

दुपारच्या एसटीनं आले.
माळ्यावरचा बाद डबा काढला, पालीची अंडी बाजूला केली,
केबल खोचली, त्याला म्हटलं:
तुला आता एकच काम.
कोणी नाव विचारलं की आकडा सांगायचा.
दुसरं काही आलं नाही तरी चालेल.

शिपाई तानबा वलथरे दाराशी जाळं सांधत होते,
गाठ मारताना जीभ दातांत धरून.
"म्हन्जे कोतवाल," ते म्हणाले.
जवळपास, म्हटलं.

नावं काय ठेवायची यात दीड तास गेला.
नान्हे म्हणाले, अध्यक्ष, सचिव, लेखापाल.
"अन् निवडनुकीत अध्यक्ष पडले त?"
रेवताबाईंनी लेजरमधून मान न काढता विचारलं.
कोणी काही बोललं नाही,
कारण पडणार होते.

शेवटी मासे आले.
हिशेबाचा तो मरळ. सभासद-यादीचा शिंगूर,
काट्यावर बसवलेली लहानशी बोटरी,
आणि प्रिंटर वाम, कारण हातात राहत नाही.
मरळ लिहिताना ळ अडला. इंग्रजी अक्षरांत ळ कुठला.
एल टाकला. तानबांनी एकेक अक्षर लावून वाचलं:
"मरल. सुरू होयाच्या आंधीच मरल म्हन्ते."
म्हणून अध्यक्षांसाठी घेतलेल्या नव्या मशीनला
ते नाव दिलं नाही, हिशेबालाच राहू दिलं.

प्रत्येक यंत्राच्या पाठीवर कारखान्याची एक खूण असते,
बारा अक्षरांची, जन्मभर तीच.
मी ओणवी होऊन, बॅटरीच्या उजेडात, वहीत उतरवून घेतल्या.
राउटरला बजावलं: ही खूण आली की हाच आकडा.

खिडकीतून घोडबोडी दिसते.
सातबाऱ्यावर ती गट नंबर तीनशे एक्केचाळीस;
त्या नंबरानं विचारलं तर तलाठ्याशिवाय कोणी वाट सांगणार नाही.
घोडा तिथं कोणी पाहिलेला नाही.
मध्ये पाळ फुटली, पाणी दुसऱ्या अंगाला जाऊन बसलं,
नवी मोजणी झाली, नंबर बदलला.
नावाला कोणी कळवलं नाही.

"आता लाइन घालवा," मी म्हटलं.
तानबांनी मेन स्विच ओढला. पंखा रेंगाळत थांबला.
साठपर्यंत मोजलं, रेवताबाईंनी शंभरपर्यंत.
स्विच वर. दिवे. पिवळा, हिरवा, हिरवा.
मरळानं हाक मारली, वामेनं कागद सोडला,
सरळ, शाई न फासता.
बोटरी मात्र जुनाच आकडा धरून बसलेली.
तिला थोडा वेळ लागतो, म्हटलं,
आधी ऐकलेलं ती लगेच सोडत नाही.
"आमच्या सासूलेबी लागे," रेवताबाई म्हणाल्या.
"बारा वर्सं मले थोरल्या जावेच्या नावानं हाका मारे."

पंधरवड्यात लाइन किती वेळा गेली कोण जाणे.
फोन आला नाही.
मग एका सकाळी आला:
"बाई, मुख्य ऑफिसातून लॅपटॉप धाडला. याले काय म्हनायचं?"
मी विचार करत होते,
तेवढ्यात मागून, दाराच्या बाजूनं, दातांत जीभ धरल्यासारखा आवाज:
दाडक. दाडक लिवा.